कर्ज फेडताना घराचा जमाखर्च कसा लिहायचा: भांडुपच्या एका घरातली वही

मस्जिद बंदरला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मी अठरा वर्षं हिशेब लिहिते आहे. आधी हाताने कीर्द-खतावणी होती, आता टॅली आहे. मालकांची पै न् पै जुळल्याशिवाय मी संध्याकाळी उठत नाही. घरात मात्र 2022 च्या दिवाळीपर्यंत आमच्यावर नक्की किती कर्ज आहे हे मला सांगता आलं नसतं. लक्ष्मीपूजनाला पेढीवर वह्यांची पूजा झाली, मालकांनी सगळ्यांना एकेक कोरी वही दिली. ती मी घरी आणली आणि पाडव्याच्या दुपारी नवऱ्याला समोर बसवून पहिलं पान लिहिलं. बेरीज आली 4,47,900.

त्याआधीच्या वर्षी, सप्टेंबर 2021 मध्ये, सासरे आजारी पडले. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. ते त्यातून परत आले नाहीत. मेडिक्लेम पुरला नाही म्हणून तीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं, नवऱ्याच्या कंपनीतल्या पतपेढीतून काढले, नणंदेने 40,000 दिले. त्यामुळे घरात कर्जाचा विषय निघाला की सगळे एकच म्हणायचे, "बाबांच्या आजारपणाचं कर्ज." क्रेडिट कार्डावरचे 64,000 पण आम्ही त्यातच धरत होतो.

त्या पाडव्याला मी कार्डाची बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढली आणि एकेका रकमेपुढे पेन्सिलने लिहीत गेले. शाळेची फी. सोसायटीचा मेंटेनन्स. गणपतीला गावी जायची तिकिटं. मेडिक्लेमचा हप्ता. पुन्हा सोसायटी. आजारपणाचा एक रुपया त्या कार्डावर नव्हता. जे खर्च दर महिन्याला येत नाहीत पण दर वर्षी येतातच, ते सगळे तिथे जाऊन बसले होते. आम्ही चहा-वडापावचा, भाजीचा हिशेब घालत होतो आणि पैसा दुसऱ्याच दाराने बाहेर जात होता.

पुढे जे सांगते आहे ते सगळं यातूनच आलं आहे. आकडे आमचे, त्या वेळचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवून बघा.

सुरुवात कर्जाच्या पानापासून करायची, खर्चापासून नाही. पानावर सहा रकाने आखा: कोणाचं कर्ज, आजची मुद्दल बाकी, व्याजाचा दर, हप्ता, हप्त्याची तारीख, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती. मुद्दल बाकी म्हणजे हप्ता गुणिले उरलेले महिने नव्हे. तसं केलं तर पुढचं व्याजही त्यात येतं आणि आकडा उगाच फुगतो. बँकेच्या ॲपवर किंवा शाखेत लोन स्टेटमेंट मिळतं, त्यात ही रक्कम स्पष्ट असते. पतपेढीचा हप्ता पगारातूनच कापला जातो म्हणून तो लोकांच्या हिशेबातच येत नाही. नवऱ्याच्या हातात 46,000 येत होते, पण मी जमेला 50,000 लिहिले आणि नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, 4,000. पगारातून कापलेलं कर्जही कर्जच आहे आणि ते संपलं की ते 4,000 तुमचे होणार आहेत, हे दिसायला हवं.

आमचं पान असं होतं. पर्सनल लोन 2,39,900, दर 14 टक्के, हप्ता 8,198, तारीख 5. पतपेढी 90,000, दर 11 टक्के, हप्ता 4,000. कार्ड 64,000, दर महिना साडेतीन टक्के. फ्रिजचे 14,000, हप्ता 2,000. नणंदेचे 40,000, व्याज नाही, तारीख नाही.

आता सातवा रकाना आखा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे: या कर्जाला या महिन्यात व्याज किती लागलं. बाकीला वार्षिक दराने गुणायचं आणि बाराने भागायचं. पर्सनल लोनचं आलं 2,799. कार्डाचं साडेतीन टक्क्यांनी 2,240, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 2,643. नवऱ्याने कॅल्क्युलेटर माझ्या हातून घेऊन पुन्हा करून पाहिलं. 2,39,900 च्या कर्जाला 2,799 आणि 64,000 च्या कार्डाला 2,643. आमच्या कार्डावर किमान भरायची रक्कम 5 टक्के होती, म्हणजे 3,200. दर महिन्याला आम्ही तेवढे भरून "कार्ड चालू आहे" म्हणत होतो. त्यातले फक्त 557 रुपये मुद्दलातून कमी होत होते.

कार्डाबद्दल अजून एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नवीन खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून कार्डावर बाकी असताना त्याच कार्डावर वाणसामान घेणं म्हणजे तांदूळही व्याजाने घेणं. आमचं कार्ड त्या संध्याकाळी कपाटात, साड्यांच्या खाली गेलं आणि मोबाइलमधल्या सगळ्या शॉपिंग ॲपमधून त्याचा नंबर काढून टाकला. दुसरी गोष्ट महत्त्वाची. नुसतं कपाटात ठेवून उपयोग नसतो.

दुसरं पान वार्षिक खर्चांचं. यावर एक अख्खा रविवार घालवा. बँकेचं बारा महिन्यांचं पासबुक, कार्डाची स्टेटमेंटं, शाळेच्या पावत्या समोर घ्या, आणि जे दर महिन्याला येत नाही ते सगळं लिहा. आमची यादी देते:

शाळेची फी, जून आणि दिवाळीनंतर: 36,000
वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट, चपला: 9,000
सोसायटी, दर तिमाहीला 6,300: 25,200
पाइप गॅस, दर दोन महिन्यांनी साधारण 1,150: 6,900
गणपतीला गावी: 22,000
दिवाळी: 15,000
मेडिक्लेम, आईंसकट (माझ्या सासूबाई): 24,000
एलआयसी: 14,400
लग्न, बारसं, आहेर: 12,000
चष्मा, मिक्सर, नळ, पंखा, असली दुरुस्ती: 9,500

बेरीज 1,74,000. भागिले बारा, 14,500.

हा आकडा बघून नवरा म्हणाला, "अगं, एवढे बाजूला टाकायचे तर मग कर्जात भरायचं काय?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण हे पैसे आम्ही आधीही खर्च करतच होतो. फरक एवढाच की ते कार्डावरून जात होते आणि वर व्याज भरत होतो. हे 14,500 बाजूला न काढता सगळं कर्जात भरलं, तर जूनमध्ये फी आली की कार्ड पुन्हा साड्यांखालून बाहेर येणार. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत असंच झालं: दिवाळीत कार्ड शून्यावर आणलं आणि पुढच्या जूनला होतं तिथेच.

या पैशांसाठी वेगळं बचत खातं ठेवा, आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नका. हे मी हात जोडून सांगते. जोडलं की ते खातं राहत नाही. आमच्या खात्याचं पासबुक आईंच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असतं आणि पैसे काढायचे तर शाखेत जावं लागतं. वर्षातून दहा-बारा वेळा जावं लागतं, तेवढं जमतं.

यादीत प्रत्येक खर्चापुढे तो कधी येतो हे लिहू नका, पैसे कधी लागतात ते लिहा. गणपती भाद्रपदात येतात, पण कोकणच्या गाडीचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं; म्हणजे तिकिटांचे पैसे गणपतीच्या दोन महिने आधी हातात हवेत, आणि ते जून-जुलै म्हणजे फी आणि रेनकोटच्या पाठोपाठ येतात. मुंबईतल्या मराठी घरांचं वर्ष मे अखेर ते दिवाळी या सहा महिन्यांतच सगळं अंगावर येतं. डिसेंबर ते एप्रिल खातं भरलेलं दिसेल. तेव्हा "एवढे पडलेत, त्यातून सोफा घेऊ" असं कोणी म्हणालं तर त्याला यादीचं पान दाखवा.

पहिल्या वर्षी खातं रिकामं असताना खर्च यायला लागतात, ही अडचण खरी आहे. आमच्याकडे बोनसमधले 20,000 उरले होते, तेच मी आधी यात टाकले. कर्जात टाकायचा मोह झाला होता. पण पुढच्याच महिन्यात दुसऱ्या सत्राची 18,000 फी होती.

आता महिन्याचा हिशेब. दोघांचे मिळून जमा 77,500. त्यातून हप्ते 14,198, वार्षिक खर्चांसाठी 14,500. घरखर्चात वाणसामान 9,500, दूध 3,600, भाजी-मासे 6,000, वीज 2,200, प्रवास 3,800, मोबाइल आणि इंटरनेट 1,500, आईंची औषधं 2,800, मुलांचा क्लास 4,500, आम्हा दोघांचा हातखर्च 3,000, किरकोळ 2,000. एकूण 38,900. उरले 9,900. तेवढेच कार्डात, पगाराच्या आठवड्यात. महिनाअखेरीस "उरतील ते भरू" म्हटलं की काही उरत नाही.

हातखर्च कापू नका. नवरा भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरीकडे जातो, दिवसभर उभं राहायचं काम आहे. त्याने चहा प्यायला की घरी येऊन सांगायचं असं केलं तर तो दोन महिन्यांत वहीचं नाव काढू देणार नाही. 1,500 त्याचे, 1,500 माझे, त्याचा हिशेब कोणी कोणाला विचारत नाही. विजेचं बिल मे महिन्यात वाढतं, म्हणून तिथे वर्षाची सरासरी धरा. आणि लोकलचा पास महिन्याचा न काढता तिमाही काढा: तीन महिन्यांच्या पासाला मासिक पासाच्या 2.7 पट पैसे लागतात, म्हणजे दहावा हिस्सा वाचतो. हे वाचलेले पैसे थोडे असतात, पण यासाठी काहीच सोडावं लागत नाही.

तारखाही जुळवून घ्या. नवऱ्याचा पगार 1 तारखेला, माझा 7 ला. लोनचा हप्ता 5 ला आणि कार्डाचं बिलही तेव्हाच, त्यामुळे एकदा खात्यात पैसे कमी पडून हप्ता परत गेला आणि बँकेने दंड लावला. कार्डाच्या बिलाची तारीख बदलून मागता येते. आम्ही ती 12 केली. पेढीवर मी रोज हेच करते, कोणाचं देणं कोणत्या तारखेचं आणि येणं कधीचं. घरी का केलं नाही याला उत्तर नाही.

रोजच्या नोंदी मी रोज लिहीत नाही. दोनदा तसा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आठवड्यात सुटला. संध्याकाळी सव्वासातची गाडी पकडून घरी आल्यावर कुकर लावायचा की वही उघडायची? आम्ही रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, स्वयंपाकघरात जमिनीवर बसतो. वाणी, दूध, भाजी, मासे यांचे सगळे पैसे एकाच खात्यातून जातात, त्यामुळे मोबाइलवर आठवडाभराची यादी दिसते. मुलगी वाचते, मी लिहिते. स्टेशनबाहेरच्या भाजीवालीचं नाव यूपीआयवर तिच्या मुलाचं येतं, कोळणीचं तिच्या भाचीचं. आठवड्याच्या आत लिहिलं तर ते आठवतं, महिन्याने नाही. रोख पैशांचा हिशेब आई देतात. त्यांच्या बटव्यात आठवड्याला 500 असतात आणि त्या बोटांवर मोजून सांगतात: कोथिंबीर, फुलं, बोंबील, रिक्षा. वीस मिनिटं लागतात. प्रत्येक रकान्याच्या शेवटी महिन्याच्या आकड्यातून किती उरलं तेवढंच लिहायचं. ज्या महिन्यात पाच रविवार येतात त्या महिन्यात भाजीचे पैसे कमी पडतात, आधीच धरून चाला.

याच बैठकीतली एक गोष्ट सांगायला हवी. जानेवारीत औषधांचा रकाना 2,800 वरून 1,500 वर आला. मी आईंना विचारलं, "आई, गोळ्या आणायच्या राहिल्या का?" त्या काही बोलल्या नाहीत. मग मुलीनेच सांगितलं, आजी प्रेशरची गोळी एक दिवसाआड घेते. पाडव्याला कर्जाचा आकडा त्यांनी आतल्या खोलीतून ऐकला होता आणि आपल्याकडून होईल ते म्हणून गोळ्या निम्म्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर वाढलेलंच होतं. डॉक्टरांना विचारून त्याच औषधांची जेनेरिक नावं लिहून घेतली आणि जनऔषधी केंद्रातून आणायला लागलो. खर्च 1,700 वर आला, गोळ्या रोजच्या रोज. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर वर लाल शाईने लिहिलं आहे: औषधं, मेडिक्लेम आणि शाळेची फी यांना हात लावायचा नाही. तुमच्या घरात वय झालेली माणसं असतील तर कर्जाचा आकडा त्यांच्यापासून लपवू नका, त्यांनी तो भिंतीआडून ऐकावा असंही होऊ देऊ नका. समोर बसवून सांगा आणि त्यांनी काय कापायचं नाही तेही सांगा.

कोणतं कर्ज आधी फेडायचं? ज्याचा दर सगळ्यात जास्त ते. म्हणून बाकी सगळीकडे नुसते ठरलेले हप्ते आणि वरचे सगळे 9,900 कार्डात. 64,000 चे पहिल्या महिन्यात 56,743 झाले, मग 49,186, मग 41,317. बघा, भरत होतो तेवढेच, पण व्याज कमी होत गेलं तसा मुद्दलाला जाणारा वाटा वाढत गेला. फ्रिजचे हप्ते मे 2023 मध्ये संपले आणि कार्ड जूनमध्ये, आठव्या हप्त्याला.

दुसऱ्या नंबरला गणिताप्रमाणे पर्सनल लोन यायला हवं होतं. मी नणंदेचे पैसे घेतले. बिनव्याजी पैशाला शेवटी ठेवा असं सगळे सांगतात, आणि मला ते पटत नाही. ताईंनी ते पैसे मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेले मोडून दिले होते आणि वर्षभरात एकदाही विषय काढला नव्हता. नात्यातल्या उसन्या पैशांवर व्याज लागत नाही, पण फोन कमी होतात, सणाला बोलावताना दोन्हीकडे जीभ अडखळते. जूनपासून फ्रिजचे 2,000 मिळवून 11,900 होत होते. सप्टेंबरमध्ये गावी गणपतीसमोर शेवटची रक्कम त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर पतपेढी, कारण तिथे मुदतीआधी भरायला दंड नव्हता. पर्सनल लोनच्या करारात मात्र मधेच थोडे थोडे भरायची सोय नव्हती; फेडायचं तर पूर्ण, आणि बाकीवर 4 टक्के दंड अधिक जीएसटी. म्हणून सहावा रकाना आखायला सांगितला. घरासाठी घेतलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वैयक्तिक कर्जदाराला असा दंड लागत नाही, तिथे जमेल तेव्हा थोडं थोडं मुद्दल भरत राहा. आमचं कर्ज ठरावीक दराचं होतं.

पतपेढी जानेवारी 2024 मध्ये संपली. मग आम्ही वरचे पैसे अडीअडचणीसाठी साठवले, निदान तीन महिन्यांचा घरखर्च होईपर्यंत. त्या नोव्हेंबरमध्ये, लोनचे बारा हप्ते उरले असताना, नवरा म्हणाला की टाकूया सगळं फेडून. मी वहीत मांडलं. बाकी मुद्दल 91,302. बारा हप्ते भरले तर पुढचं व्याज 7,074. आत्ता फेडलं तर दंड आणि जीएसटी मिळून 4,309. वाचणार 2,765, आणि हातातले 95,000 जाणार. हप्त्याच्या कर्जात व्याजाचा मोठा भाग सुरुवातीच्या वर्षांत जातो. पहिल्या हप्त्यात 8,198 पैकी 3,500 व्याज होतं. शेवटच्या वर्षी घाईने फेडून फारसं हाती लागत नाही. पैसे तसेच मुदत ठेवीत राहू दिले, हप्ते चालू ठेवले. दोन वर्षं उरली असताना हाच हिशेब फेडण्याच्या बाजूने झाला असता, तेव्हा तेवढे पैसे नव्हते.

शेवटचा हप्ता 5 ऑक्टोबर 2025 ला गेला. कर्ज संपलं की दोन कागद घ्या. बँकेकडून नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, आणि महिना-दीड महिन्याने आपला क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या, सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या, चार कंपन्यांकडून वर्षातून एकेकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात तुमचं कर्ज बंद म्हणून दिसतंय का ते बघा. नसेल तर तिथेच तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

त्या पाडव्याला नवीन वही उघडली. मुलीने पहिल्या पानावर सात रकाने आखले आणि विचारलं, यात आता काय लिहायचं. आईंनी पासबुक खणातून काढून तिच्या हातात दिलं. हप्त्याचे 8,198 आता त्याच तारखेला, 5 ला, तिच्या कॉलेजच्या खात्यात जातात.